उजव्या गालावरचा वारा

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा मार्गशीर्ष सरत आला होता, आणि सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत हे मला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं.

अगदीच बोलत नव्हत्या असं नाही. दुपारी गॅलरीतलं ऊन सरकत सरकत स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आलं की त्या दोन-चार शब्द बोलायच्या, तेही अर्ध्या ओठांनी, जणू तोंडात लवंग धरली आहे आणि ती पडू द्यायची नाहीये. सकाळी मात्र एक अक्षर नाही. मी "आई, चहा ठेवू?" विचारलं की मान हलायची. होकार की नकार ते मलाच ओळखावं लागे. पदर कायम डोक्यावरून उजव्या गालावर ओढलेला. मी उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले की त्या हळूच वळून मला डावी बाजू द्यायच्या.

तो सगळा काळ मला धुक्यातूनच आठवतो, आणि त्यात आठवणीची काही जादू नाही. तेव्हा मुलुंडला खरोखर धुकं पडायचं. आमची बिल्डिंग पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला होती. पहाटे डोंगरावरून धुकं उतरायचं, कुणीतरी पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर त्यात मिसळायचा, आणि समोरच्या बिल्डिंगची फक्त गच्चीवरची टाकी तरंगताना दिसायची. दूधवाल्याची सायकल आधी ऐकू यायची, मग बऱ्याच वेळानं दिसायची. मी मालाडची. आमच्याकडे थंडी अशी नव्हतीच. संध्याकाळी मार्व्याच्या बाजूनं वारा सुटला की आई घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायची, आणि त्या रात्रभर उघड्याच राहायच्या. सासरी मात्र खिडक्या बंद. मी सकाळी उठून गॅलरीचं दार उघडलं की मागून येऊन सासूबाई ते लावून टाकत. मी पुन्हा उघडलं तर पुन्हा लावत. वाद नाही, बोलणं नाही. दाराची कडी तेवढी वाजायची.

सासरे घरात नव्हते. गिरणीचा संप झाला, गिरणी काही पुन्हा धड सुरू झाली नाही, आणि ते कोकणात गावी जाऊन आंब्याच्या कलमांपाशी राहिले होते. वर्षातून दोनदा यायचे. ह्यांची नोकरी भांडुपच्या एका कारखान्याच्या ऑफिसात, माझी घाटकोपरला. लग्नासाठी मी मोठी रजा काढली होती, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघीच. मी, सासूबाई आणि फ्रिज.

फ्रिज माझ्या माहेरचा. बाबांनी हौसेनं दिलेला, फिक्या निळ्या रंगाचा, दाराला किल्ली असलेला. मजल्यावरचा तो पहिलाच फ्रिज, त्यामुळे तो आला त्या दिवशी शेजारपाजारच्या बायका येऊन दार उघडून आतला दिवा लागतो कसा ते बघून गेल्या होत्या. स्वयंपाकघरात दुसरी जागाच नव्हती म्हणून तो दाराशेजारच्या भिंतीला लावला. नेमकी तिथेच सासूबाईंची बसायची जागा होती. विळी घेऊन, एक पाय दुमडून त्या तिथे भाजी चिरत. फ्रिज आल्यावर त्यांनी जागा बदलली. विळी उचलली आणि पार पलीकडे, मोरीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली, जिथे उजेडही नीट नव्हता. मी फ्रिजचं दार उघडलं की त्या तोंड भिंतीकडे करत. स्वतः त्यांनी तो एकदाही उघडला नाही. दूध आत ठेवायचं असलं तर पातेलं ओट्यावर ठेवून माझ्याकडे नुसतं बघायच्या.

मला काय वाटणार? नवी नवरी मी. मला वाटलं, सासूबाईंना माझ्या माहेरची वस्तू नको आहे.

एकदा मी दूध आटवून, त्यात वेलची आणि पिस्ते घालून कुल्फी केली. साचे नव्हते म्हणून स्टीलच्या पेल्यांत लावली. दुपारी मोठ्या उत्साहानं एक पेला त्यांच्यापुढे धरला. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"माका नको गो. तुमी खावा."

एवढंच म्हणाल्या आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. मी ओट्याशी उभी राहून एकटीनं कुल्फी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कुल्फी छान झाली होती हेही कळत होतं.

संध्याकाळी हे घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, तुमच्या आईंना मी आवडले नाही का?"

"असं का म्हणतेस?"

"बोलत नाहीत. बघत नाहीत. फ्रिजला हात लावत नाहीत."

ते बुटाची नाडी सोडत बसले होते. "तिचं असंच आहे गं. थंडीत ती रुसते. चार-पाच वर्षं झाली. होळी झाली की येते ताळ्यावर. बाबा तर म्हणायचे, हिची थंडीची सुट्टी सुरू झाली."

घरातल्यांनी ते इतक्या सहजपणे मान्य केलं होतं की मलाही पुढे काही विचारता आलं नाही. काही झाडांची पानं थंडीत गळतात, तसे आमच्या आईचे शब्द गळतात, असा त्यांचा सूर. मी ऐकून घेतलं. पण एखादा माणूस दरवर्षी ठरावीक महिन्यांत रुसतो, हे मनाला पटेना.

संक्रांत आली. माझी पहिली संक्रांत, म्हणून काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, सगळं झालं. हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायका आल्या, मालाडहून आई आली. सासूबाईंनी तिळाचे लाडू स्वतः वळले होते, सकाळपासून खपत होत्या. त्या दिवशी त्यांच्या अंगात कुठला तरी निराळाच उत्साह होता, आणि पदर गालावर तसाच घट्ट. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बायका बसल्या. मला हलव्याच्या मुकुटामुळे मान वळवता येत नव्हती, आणि हलव्याला मुंग्या लागल्या होत्या. त्या गळ्यावरून फिरत होत्या आणि मी हसऱ्या चेहऱ्यानं गुलाबदाणी घेऊन सगळ्यांवर गुलाबपाणी शिंपडत होते.

सासूबाई वाणाचं ताट घेऊन पुढे येत होत्या. एका बाईनं म्हटलं, "अगं, सासूवर पण शिंपड की!" सगळ्या हसल्या. मी गुलाबदाणी उडवली. दोन-तीन थेंब. त्यातला एक त्यांच्या उजव्या गालावर, नाकपुडीच्या बाजूला पडला.

ताट खाली आदळलं. लाडू सतरंजीभर घरंगळले. सासूबाई जिथे होत्या तिथे थिजून उभ्या राहिल्या. उजवा डोळा मिटला गेला, त्यातून घळघळ पाणी वाहू लागलं, आणि तोंडाची उजवी बाजू आपोआप आक्रसल्यासारखी ओढली गेली. ओरडल्या नाहीत. वळल्या आणि आत गेल्या.

मग कुणीतरी लाडू गोळा करू लागलं, आणि मागून हलक्या आवाजात ऐकू आलं, "सून पसंत दिसत नाही हो." माझ्या आईनं ते ऐकलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी हातातली गुलाबदाणी तिच्या मांडीवर ठेवली आणि आत गेले.

स्वयंपाकघरात सासूबाई दिसेनात. मोरीत नाहीत, आतल्या खोलीत नाहीत. मग फ्रिजच्या मागून पातळाचा काठ दिसला. फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ठेवला होता, आणि त्या फटीत त्या अंग चोरून उभ्या होत्या. फ्रिजच्या पाठीला काळी जाळी असते ना, आतली उष्णता बाहेर टाकणारी, तिच्यावर त्यांनी पदराचा बोळा धरला होता. तो गरम झाला की गालापाशी न्यायच्या, पण टेकवायच्या नाहीत, केसभर अंतर ठेवायच्या. मग पुन्हा जाळीवर.

"आई, काय झालं?"

त्यांनी डावा हात वर केला. थांब. बोलू नकोस. मी थांबले. फ्रिजची घरघर चालू होती. बाहेर बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. मला तो वेळ फार लांब वाटला, प्रत्यक्षात मिनिटभरही नसेल.

मग त्यांनी श्वास सोडला. "गेली."

"काय गेली?"

"कळ."

मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर काढलं, जमिनीवर बसवलं. हलव्याचा मुकुट काढून ठेवला आणि समोर बसले.

"कसली कळ, आई?"

"वीज चमाकता तशी. ह्या नाकाकडसून सुरू होता ती कानापर्यंत." बोटानं दाखवलं, पण बोट गालाला लावलं नाही. "वारो लागलो, थंड पाणी लागला, की झाला. फ्रिज उघडलंस की त्यातलो गारवो खाली येता, तो थेट माज्या गालार."

सासूबाई विळी घेऊन बसायच्या त्या जागेकडे मी बघितलं. खाली बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर फ्रिजमधली थंड हवा अशी उतरत असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. उभं राहून दार उघडणाऱ्याच्या पायांवर ती पडते, बसलेल्याच्या तोंडावर.

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

त्या किंचित हसल्या, डाव्या बाजूनंच. "सांगूक तोंड उघडूचा लागता गो. तोंड उघडला की ती परत येता."

"ह्यांनाही नाही सांगितलं?"

"पयल्या वर्षी सांगितलेला. दात म्हणान दोन काढल्यानी. दात चांगले होते. ती तशीच रवली." मग माझ्याकडे वळल्या, पहिल्यांदाच पूर्ण चेहऱ्यानं. "तुका वाटला मी तुज्यावर रागावलंय? तुजो राग कित्याक येतलो माका?"

माझी आई दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती गॅलरीच्या दाराशी गेली आणि ते नीट लावून आली. मग बाहेर जाऊन बायकांना म्हणाली, "विहीणबाईंचा दात दुखतोय. घ्या, तिळगूळ घ्या." तिनं खोटं का सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही. पण बायकांना ते पटलं आणि हळदीकुंकू पुढे चालू झालं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नसांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. त्या घाटकोपरला एका इस्पितळात बसत. रिक्षा उघडी, म्हणून आम्ही बसनं निघालो. बसमध्ये जागा मिळाली ती नेमकी खिडकीची, आणि खिडकीची काच अडकलेली. कंडक्टरनं ओढून बघितलं, ह्यांनी ओढून बघितलं, ती हलेना. मग मी खिडकीकडे बसले, अंग तिरकं करून, शालीचा पडदा धरला. तरी गाडीनं वेग घेतला की झुळूक कुठून तरी शिरायचीच. तेव्हा मी माझा तळवा त्यांच्या गालाजवळ द्रोणासारखा धरला, स्पर्श न करता. त्यांच्या गालाची ऊब माझ्या तळव्याला लागत होती. कांजूर, विक्रोळी अशी ठिकाणं येत गेली, कारखान्यांच्या भिंती, गुलमोहराच्या शेंगा, आणि मी हात तसाच धरून होते. खांदा भरून आला होता, पण हात खाली घ्यावासा वाटेना. सासूबाईंचा डोळा लागला. इतक्या दिवसांत त्यांना असं निवांत झोपलेलं मी बघितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, पांढरं पातळ नेसलेल्या, मुळीच घाईत नसलेल्या. त्यांनी आधी सासूबाईंना काहीच विचारलं नाही. "मावशी, तुम्ही बोलू नका, बोटानं दाखवा," म्हणाल्या. सासूबाईंच्या चेहऱ्यावर एकदम असं काही समाधान पसरलं की मी बघतच राहिले. कुणालातरी कळलं होतं.

मग त्यांनी कापसाची वात डाव्या गालावरून फिरवली. ठीक. स्टीलचा चिमटा डाव्या गालाला लावला. "गार?" मान हलली. तोच चिमटा उजव्या गालाजवळ नेला मात्र, सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "बरं, बरं, नाही लावत." कोमट पाण्याची काचेची नळी लावली, तिचं काही नाही. अंगठ्यानं जोरात दाबलं, त्याचंही काही नाही.

"बघा," त्या ह्यांना म्हणाल्या, "जोरात दाबलेलं चालतं, आणि झुळूक आली तर जीव जातो. म्हणून घरच्यांना वाटतं माणूस नखरे करतो."

हे खाली बघायला लागले.

"पण असं होतं कसं?" मी विचारलं.

त्यांनी माझा हात पुढे ओढला आणि पंज्याच्या मागच्या बाजूला पेनाचं टोपण टेकवलं. "कातडीत नसांची फार बारीक टोकं असतात. काही फक्त गारवा ओळखतात, काही फक्त ऊब. आणि काही एरवी झोपलेली असतात. भाजलं, कापलं, बर्फ खूप वेळ धरून ठेवला, तरच जागी होतात. त्यांचं काम दुखण्याची वर्दी देणं. तुमच्या-माझ्या गालावर वारा आला की गारव्याची टोकं तेवढी कळवतात: गार आहे. विषय संपला. ह्यांच्या गालावरून निघालेला तोच निरोप वाटेत दुखण्याच्या तारेत शिरतो."

"कुठे शिरतो?" ह्यांनी विचारलं.

"बहुतेक आत, मेंदूपाशी, चेहऱ्याची नस जिथे शिरते तिथे. तिच्यावरचं वेष्टण झिजलं की शेजारशेजारच्या तारा एकमेकींचं ऐकायला लागतात. काहींच्या बाबतीत गालातली टोकंच हळवी झालेली असतात, थोड्याशा गारव्यालाही जागी होतात. ह्यांचं नक्की कुठलं किती, ते मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण दुखणं खरं आहे, आणि दातांचं नाही."

मग त्यांनी घरी काय लावता ते विचारलं. सासूबाईंनी पिशवीतून बामची बाटली काढली. तो बाम त्या रोज सकाळ-संध्याकाळ दाबून चोळायच्या, पदराखाली. आम्हाला त्याचा वास यायचा, पण डोकं दुखत असेल असं वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी बाटली हुंगली. "ह्यात पुदिन्याचं सत्त्व आहे. ते लावलं की गार वाटतं ना? कातडी काही थंड होत नाही त्यानं. गारवा ओळखणारी जी टोकं आहेत, त्यांनाच ते चाळवतं. वारा नसताना त्यांना वारा आल्यासारखा भास होतो."

बोलू नका म्हटलेलं मोडून सासूबाईंनी तोंड उघडलंच. "म्हणजे मी इतकी वर्षा गालाक थंडीच चोळीत होतंय?"

डॉक्टरीणबाई हसल्या, आणि मग आम्ही सगळेच हसलो. सासूबाईसुद्धा, गाल धरायला हात वर नेत नेत.

औषध दिलं ते फिट्सवर देतात तेच. ह्यांना ते ऐकून धक्का बसला, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भडकलेल्या नसेला ते गप्प करतं, मग ती डोक्यातली असो की गालातली. सुस्ती येईल, पाय डगमगतील, एकट्यांना सोडू नका, मध्ये मध्ये रक्त तपासा.

सुस्ती खरोखर आली. आणि त्या सुस्तीबरोबर माझ्या सासूबाई मला पहिल्यांदा भेटल्या.

दुपारी त्या गॅलरीच्या बंद दारापाशी, काचेतून आलेल्या उन्हात चटईवर आडव्या व्हायच्या. मी शेजारी स्वेटर विणत बसायचे. औषधानं त्यांची जीभ जड झालेली असायची, आणि तरीही इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं बाहेर पडायचं, अर्धं झोपेत, अर्धं जागेपणी. एक गोष्ट सुरू करायच्या आणि दुसरीत संपवायच्या. काजूच्या बागेत पहाटे उतरणारं धुकं, विहिरीच्या काठावरचं शेवाळं, लहानपणी बहिणीबरोबर लावलेली पैज: वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यात तोंड बुडवून कोण जास्त वेळ राहतं. त्या पाण्यात मासे गालाला टोचायचे म्हणे. "तेवा थंडी गोड लागायची," असं काहीसं त्या म्हणाल्या आणि झोपी गेल्या. मी विणता विणता थांबले. मुलुंडचं ऊन, त्यांचं ते वहाळाचं पाणी, खालून येणारी भंगारवाल्याची हाक, सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं. त्या दुपारींपैकी काही मी जगले आणि काही त्यांच्याकडून ऐकल्या, आणि आज मला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. वहाळात तोंड बुडवलेली मुलगी कधी कधी मीच असते.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "ती बाई म्हणाली ती टोका खरीच असतत काय गो?"

"बघूया की," मी म्हटलं.

विणायची एक सुई मी फ्रिजमध्ये ठेवली. गार झाल्यावर काढली आणि तिचं टोक त्यांच्या हाताच्या मागच्या बाजूला हळूच टेकवत गेले. त्या डोळे मिटून सांगत होत्या.

"हय गार. हय नाय. हय नुसता टोचता. हय गार!"

जिथे गार लागलं तिथे मी कुंकवाचा बारीक ठिपका लावला. सुई कोमट झाली की पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायची, आणि तेवढा वेळ त्या पदरात तोंड घालून बसायच्या. हळूहळू त्यांच्या हातावर ठिपक्यांची एक वेडीवाकडी नक्षी तयार झाली. काही ठिकाणी दाट, मध्येच रिकामी जागा, पुन्हा तीन-चार. सगळी कातडी थंडी ओळखते असं आपल्याला वाटतं, पण ती ओळखणारे असे सुटे सुटे ठिपके असतात, आणि मधल्या जागेला थंडीचा पत्ताच नसतो. त्यांनी हात उन्हात धरून बराच वेळ बघितला.

"आणि तोंडार?"

"तोंडावर फार दाट असणार, आई. तोंड कायम उघडंच ना."

मग त्यांनी माझा हात ओढला आणि माझ्यावर सुई टेकवली. हे संध्याकाळी आले तेव्हा आम्हा दोघींच्या हातांवर कुंकवाचे ठिपके होते. "हा कुठला सण?" त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तुका नाय कळूचा," आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या की हे चपापून त्यांच्या गालाकडे बघायला लागले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. औषधाचं प्रमाण जास्त होतंय असं दिसलं, ते कमी करावं लागलं. कमी केलं की कळ डोकावून जायची. दोन-तीन वेळा घाटकोपरच्या फेऱ्या झाल्या. फ्रिज आम्ही बाहेरच्या खोलीत हलवला, आणि विळी परत आपल्या जागी आली. उन्हाळ्यापर्यंत औषधाचा मेळ बसला. पुढे काही थंड्या अगदी निर्वेध गेल्या, काही नाही. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचा पर्यायही सांगून ठेवला होता, पण सासूबाई म्हणायच्या, निभतंय तोवर निभवू. बऱ्याच वर्षांनी मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचलं की नसांच्या टोकांवरचा थंडी ओळखणारा कणच शास्त्रज्ञांना सापडला आहे, आणि पुदिनाही तोच ओळखतो. मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी "ह्या तर त्या बाईन तेवाच सांगितलेला," म्हणून पान उलटायला लावलं.

घरातला बदल मात्र आम्हाला झेपायला वेळ लागला. सासूबाई अफाट बोलक्या निघाल्या. सकाळी उठल्यापासून सुरू. दूधवाला, नळ, गावची भांडणं, वरच्या मजल्यावरच्या बाईची सून. मी ऑफिसला निघताना जिन्यापर्यंत बोलत यायच्या. कधी कधी बसस्टॉपवर उभी राहिले की मला कानात शांतता ऐकू यायची, आणि मग हसू यायचं.

दुसऱ्या वर्षी थंडीत सासरे गावाहून आले. त्यांना मुंबईत करमेना म्हणून एका रविवारी आम्ही सगळे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो. सकाळची वेळ होती. तळ्यावर वाफेसारखं काहीतरी तरंगत होतं, बांबूची पानं ओली होती. गेटवरच्या बाईकडून सासूबाईंनी मीठ-मसाला लावलेले पेरू घेतले, चांगले कडक, आणि बाकावर बसून सगळ्यांना फोडी वाटल्या. स्वतः उजव्या दाढेनं कचाकचा चावत होत्या. सासऱ्यांशी त्यांचा वाद चालला होता, गावच्या घराच्या पडवीला पत्रा घालायचा की कौलं. सासरे म्हणत होते पत्रा, त्या म्हणत होत्या कौलं, आणि का ते सविस्तर सांगत होत्या.

तेवढ्यात तळ्यावरून वारा आला. बांबू एका बाजूला कलले. त्यांचा पदर गालावरून उडाला आणि त्या वाक्याच्या मधोमध थांबल्या. हात अर्धवट वर आला. सासऱ्यांनी हातातली फोड तशीच धरली. मी उठून वाऱ्याच्या बाजूला उभी राहणार होते, ह्यांनी मला खुणेनं थांबवलं. आम्ही तिघं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि त्या कुठेतरी आत कान देऊन बसल्या होत्या.

वारा गेला. बांबू सरळ झाले.

त्यांनी हात खाली घेतला, पदर सावरला, आणि सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "आणि पत्र्याखाली उन्हाळ्यात बसतलो कोण? तुमी?"